बातम्या बंद केल्यावर तुम्ही कुठे जाता?

दादर

जून २०२२मध्ये शिवसेना फुटली आणि त्याच आठवड्यात आमच्या घरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही फुटला. म्हणजे ग्रुपवर आहेत सगळे, पण धाकटे काका आणि आत्तेभाऊ एकमेकांच्या ‘सुप्रभात’लाही उत्तर देत नाहीत. वर्षभरानं राष्ट्रवादी फुटली तेव्हा उरलेसुरले बोलणारेही गप्प झाले. गणपतीत आरतीला दोघं समोरासमोर, एकाच्या हातात टाळ, दुसऱ्याच्या हातात घंटा, आणि नजर दोघांचीही समईवर.

मला तेव्हा रात्री एक-एक वाजेपर्यंत फोन चाळायची सवय लागली. कोण आमदार कुठल्या हॉटेलात, कोण ‘नॉट रिचेबल’. (हा शब्द आमच्या आईलासुद्धा पाठ झाला होता.) डोळे चुरचुरायचे, झोप नाही, आणि कळलेलं तर काहीच नसायचं. एका शनिवारी भायखळ्याला काम होतं, ते लवकर आटपलं म्हणून राणीच्या बागेत शिरले. लहानपणी प्राणी बघायला जायचो, झाडांकडे कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं. तिथे उर्वशीचं झाड आहे, मूळचं ब्रह्मदेशातलं. लाल फुलांचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. अर्धा तास त्याच्याखाली बसले आणि निघताना लक्षात आलं, फोन पिशवीतच राहिलाय.

तेव्हापासून महिन्यातून एकदा जाते. तुम्ही काय करता? पुस्तक, चित्र, डोंगर, काहीही चालेल. फक्त स्वतःचं लिहा, उपदेश नको.

डोंबिवली

आमचा सकाळचा जलद लोकलचा ग्रुप एकोणीस वर्षांचा. २०१९च्या नोव्हेंबरात डब्यात एवढी भांडणं झाली की ठाण्याला एकजण उतरून पुढच्या डब्यात गेला, तो आलाच नाही. मग ठरलं, ठाणे सुटलं की राजकारण बंद, भजन सुरू. टाळ वरच्या रॅकवर पिशवीत असतात. मी नास्तिक माणूस. पण ‘जय जय राम कृष्ण हरी’चा ठेका धरला की दादरपर्यंत डोकं रिकामं होतं हे खरं. चौथ्या सीटवर अर्धाच टेकून बसलेला असतो, तरी.

भांडुप

मी वृत्तवाहिनीत काम करते. त्यामुळे ‘बातम्या बंद करा’ हा सल्ला मला देऊ नका, माझा पगार बंद होईल.

२३ नोव्हेंबर २०१९. आदल्या रात्री एक सरकार जवळजवळ ठरलं म्हणून बातमी देऊन घरी आले होते. सकाळी फोन वाजला, राजभवनात दुसराच शपथविधी. दात न घासता रिक्षात बसले. पुढचे चार दिवस ऑफिसच्या खुर्चीतच झोपले. सरकार पडलं तेव्हा आम्ही सगळे वेड्यासारखे हसत होतो, का ते आता आठवत नाही.

त्या हिवाळ्यात एका कॅमेरामन मित्रानं ऐरोलीच्या खाडीवर नेलं. फ्लेमिंगोंसाठी भरती-ओहोटीचं कोष्टक बघून जावं लागतं. पूर्ण ओहोटीला चिखल लांबवर उघडा पडतो आणि पक्षी दूर गुलाबी रेघेसारखे दिसतात. पाणी चढायला लागलं की ते काठाकडे सरकतात. मान उलटी करून, चोच चिखलात बुडवून चाळत राहतात. आवाज येतो, हंसासारखा बिंसासारखा नाही, बदकांच्या बाजारासारखा. मला तो फार आवडतो. आमच्या चर्चेच्या कार्यक्रमासारखाच आहे, फक्त त्यांना पोटाला काहीतरी मिळतं.

आता माझ्या फोनमध्ये पहिलं कोष्टक लोकलचं नाही, भरतीचं आहे.

विक्रोळी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे सगळं ज्यांच्या घरी पाणी येतं त्यांचं चाललंय. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ला संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ला. जवळजवळ चार वर्षं आमच्या गल्लीला नगरसेवकच नव्हता. गटार तुंबलं की अर्ज घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर. तुम्ही राजकारणाला कंटाळलात, आम्ही ते नाही म्हणून कंटाळलो. सगळेच फ्लेमिंगो बघायला गेले तर गटार कोण उपसणार?

गिरगाव

विक्रोळीकर, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि तरी मला थोडं सांगायचंय. माझं वय पंचाहत्तर, टाइप नात करते आहे, चुका तिच्या.

आणीबाणी लागली तेव्हा मी फोर्टात एका बँकेत नवीन लागले होते. कॅन्टीनमध्ये माणसं चहा ढवळत बसायची, कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी एशियाटिकच्या पायऱ्यांवर डबा खायची. दुर्गाबाई भागवत त्याच ग्रंथालयात अभ्यास करायच्या. डिसेंबर १९७५मध्ये त्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. स्वागताध्यक्ष केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण, आणि बाईंनी तुरुंगवासात आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायणांसाठी त्याच मांडवात प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांनाही अटक झाली.

आणि याच बाईंनी ‘ऋतुचक्र’ लिहिलं होतं. चैत्रापासून एकेक महिना घेऊन, कुठल्या झाडाला कधी पालवी फुटते, आभाळाचा रंग कसा पालटतो ते. पुस्तक मी आईकडून घेतलं होतं, तिच्या हळदीच्या बोटांचे डाग होते त्यावर. आणीबाणीत ते रोज रात्री दोन पानं वाचायची. झाडाफुलांत रमणारं माणूस घाबरट असतं असं कुणी म्हणालं की मला अजून राग येतो. बाईंचं लक्ष बारीक होतं, एवढंच. पालवीकडेही आणि दिल्लीकडेही.

आता दिसतं कमी, म्हणून पाडव्याला नातीकडून फक्त चैत्र वाचून घेते. तुमचं गटार उपसलं गेलं का?

विक्रोळी

आजी, नमस्कार. उपसलं. परत तुंबलं.

कांदिवली

मला पुस्तक वाचून शांत वाटत नाही. तिसऱ्या पानावर झोप लागते. पण मग तीही शांतताच की!

लालबाग

आमचे वडील गिरणीत साच्यावर. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा मी नववीत होतो. पहिले काही महिने घरात नुसत्या सभा, पत्रकं, घोषणा. मग पैसे संपले तसे घोषणा कमी झाल्या. पावसाळ्याच्या तोंडाला वडील गणपतीच्या कारखान्यात रोजावर जायला लागले. आधी माती मळणं, मग पॉलिश पेपर घासणं. तिथल्या मूर्तिकारानं त्यांचा हात बघितला आणि आखणीला बसवलं. आखणी म्हणजे डोळे. सगळ्या मूर्तीचा रंग झाल्यावर शेवटी ते काम. भुवई, पापणीची कड, मग बुबुळ. बारीक ब्रश, श्वास धरायचा, एका ओढीत रेघ. तुटली की डोळा गेला.

वडील संपाबद्दल पुढे फारसं बोलले नाहीत. गिरणी गेली ती गेलीच, तिथे आता टॉवर आहे. पण आखणी मला शिकवून गेले. मी विमा कंपनीत नोकरी करतो आणि चतुर्थीच्या आधी आठ दिवस रजा टाकतो. साहेबाला खरं कारण माहीत आहे, त्याचा गणपतीही माझ्याच हातचा. कारखान्यात रात्री सगळ्या पक्षांची पोरं असतात, बाहेर टपरीवर हातघाईवर येतात. आखणी चालू असली की आत कुणी मोठ्यानं खोकतही नाही.

बोरिवली

कारवी कुणी पाहिली आहे का? राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या बाजूला उतारच्या उतार जांभळे होतात. आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि बी धरून मरते. २०१६ला मुलीला खांद्यावर घेऊन पाहिली, २०२४ला ती माझ्यापुढे चालत होती. मधल्या काळात या राज्यात मुख्यमंत्रिपदाच्या तीन शपथा झाल्या, त्यातलं एक सरकार ऐंशी तासांचं. पुढचा बहर २०३२ला. गुडघे टिकवून ठेवले पाहिजेत.

दादर

सगळ्यांचं वाचलं. ऐरोलीला एखाद्या रविवारी जाऊ या का? भांडुपकर, कोष्टक बघून सांगा.

आणि एक घडलं. काल उर्वशीचा फोटो काहीच न लिहिता घरच्या ग्रुपवर टाकला. तासाभरानं काकांचं उत्तर, ‘कैलासपती आहे.’ दहा मिनिटांत आत्तेभाऊ, ‘नाही हो काका, सीता अशोक.’ मग काकांनी त्यांच्या शाळेच्या आवारातला कैलासपती काढला, त्यानं गुगलवरून पानांचे फोटो टाकले, आत्यानं मध्ये पडून ‘जेवून घ्या आधी’ सांगितलं. रात्री साडेअकरापर्यंत चालू होतं. दोघांचंही चुकलं होतं. मी अजून सांगितलेलं नाही.