प्रोपेलर चिपसाठी सी कंपायलर लिहावा का?

मोर्शीकर: आमच्या संत्र्याच्या बागेत ठिबकवर पॅरालॅक्स कंपनीची प्रोपेलर चिप आहे, 2006 ची. आत 32 बिटांचे 8 प्रोसेसर, त्यांना कॉग म्हणतात. चालू काम मध्येच थांबवणारा इंटरप्ट नाहीच. एक कॉग ओलावा मोजतो, एक व्हॉल्व्ह सांभाळतो, एक मॉडेमशी बोलतो. रात्री दोनला थ्री फेज आली की मोटर लागते, मेसेज येतो. पण सगळं असेंब्लीत, म्हणजे चिपच्या एकेका सूचनेच्या भाषेत. मी गावाला नसलो अन् बिघडलं, तर पॉलिटेक्निकच्या पोरांना एक ओळ उमगत नाही. सी ही भाषा त्यांना येते. म्हणून सीतला प्रोग्राम चिपच्या सूचनांत उतरवणारा छोटा कंपायलर लिहायला घेतोय.

दर्यापूरकर: काऊन भाऊ? जीसीसी हा तयार सी कंपायलर आहे ना या चिपसाठी. अन् ही चिप सीची नव्हेच. कॉगच्या मेमरीत 32 बिटांचे 512 शब्द, त्यातले 16 खास रजिस्टरांचे. परतीचे पत्ते एकावर एक रचून ठेवायला स्टॅक नाही. सबरूटीनला (सीत तिला फंक्शन म्हणतात) जाताना परतीचा पत्ता तिच्या शेवटच्या जंपच्या सूचनेतच लिहिला जातो. फंक्शनने स्वतःलाच बोलावलं की दुसरा पत्ता पहिल्यावर बसतो. मग परतायचं कुठं?

मोर्शीकर: जीसीसीचं पोट मला उघडून समजत नाही, पोरांना वाचता येईल असा हवा. स्टॅक अन् कोड दोन्ही हबच्या, म्हणजे सगळ्या कॉगांच्या सामाईक, 32 केबी मेमरीत ठेवतो. कॉगमध्ये फक्त एक छोटा फेरा: सूचना उचल, चालव, पुढची उचल.

दर्यापूरकर: साधी सूचना 4 क्लॉकची, म्हणजे चिपच्या 4 ठोक्यांची; एका कॉगला हबची पाळी 16 क्लॉकला एकदा. म्हणजे निदान चौपट वेळ.

मोर्शीकर: ओलावा मी दहा मिनिटांनी मोजतो. चाळीसपट लागला तरी झाडाले काय फरक पडते?

आर्वीकर: अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत होते, तेव्हा 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक उभा राहिला तो ट्रान्सप्युटर नावाच्या चिपवर. त्या चिपसाठी ऑकम ही वेगळी भाषा घडवली होती, कामांचं एकमेकांशी चॅनलमधून बोलणं भाषेतच. तरी तिच्यावर सी कंपायलर आलेच. तेव्हा लिही दादा. फक्त दोन कॉगांनी एकच व्हेरिएबल लिहिलं तर काय, हे आधी ठरव. हबमध्ये एका वेळी एकाच कॉगला पुढे सोडणारे 8 लॉक आहेत, पण सीच्या व्याकरणात त्यांना जागा नाही. मला खरी अडचण तीच दिसते, वेग नाही.

दर्यापूरकर: मला पटलेलं नाही. कंपायलरला वर्षं जातील, असेंब्ली पोरांना एका उन्हाळ्यात येते. मी मे महिन्यात मोर्शीला येतो. बागेतच बसू, शिकवतो मी.