नट, वॉशर आणि गंज : यंत्रभागांवरून कापडावर छपाई

प्रश्न

नट, वॉशर, दातेरी चाके आणि लोखंडी जाळ्या यांचे आकार मला फार सुंदर वाटतात, आणि त्यांवरून सुती कापडावर भिंतीवर लावण्याजोगी मोठी छापील कलाकृती करण्याची माझी इच्छा आहे. लिनोवर (लिनोलियमच्या मऊ, कोरण्याजोग्या तुकड्यावर) कोरलेल्या ठशांनी आकार अचूक उमटतात, परंतु एकंदर कापड सुट्या भागांच्या सूचिपत्रासारखे दिसते. वस्तूंचे चित्र कोरावे, की वस्तूच थेट कापडावर उमटवाव्यात? गंजाची छपाई टिकते का?

उत्तर १

प्रत्येक वस्तू समोरून, पूर्ण आणि एकटी दाखवली की सूचिपत्राचा भास होतोच. छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांनी 1920 च्या दशकात अमेरिकेतील एका रेशीम कंपनीसाठी आगकाड्या, बारीक खिळे आणि साखरेच्या वड्या यांच्या छायाचित्रांवरून कापडाची नक्षी केली होती. वस्तू अगदी साध्या होत्या, पण प्रकाशयोजनेमुळे त्यांच्या सावल्याही नक्षीत सामील झाल्या आणि नजर वस्तू ओळखण्यात न अडकता लयीकडे वळली. आपणही वॉशरवर एका बाजूने दिवा धरून सावलीसकट आकार टिपावा आणि तो ठशाच्या कडेवर असा तोडावा की शेजारच्या छापाशी जुळल्यावरच पूर्ण होईल. एकाआड एक उभी रांग अर्ध्या ठशाने खाली सरकवल्यास चौकटींची जाणीवही पुसट होते. वस्तूंमधली मोकळी जागा हीच खरी नक्षी आहे, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर २

गंजाबद्दल लिहितो. खळ धुऊन काढलेले सुती कापड पाणी आणि व्हिनेगर यांच्या मिश्रणात भिजवून लोखंडी वस्तूंभोवती घट्ट गुंडाळावे आणि वाळू नये म्हणून प्लास्टिकने झाकावे. आम्लामुळे लोखंड थोडे विरघळते, हवेतील ऑक्सिजनमुळे त्याचा गंज बनतो आणि तो धाग्यांतच बसतो. स्टेनलेस स्टील किंवा जस्ताचा मुलामा दिलेले भाग यासाठी निरुपयोगी आहेत. आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापडावर टॅनिन (हिरड्यातील तुरट द्रव्य) आणि लोह यांच्या संयोगाने राखाडी ते काळी छटा येते, आणि ती मला तांबूस गंजापेक्षा अधिक गंभीर वाटते.

हा रंग सहसा धुऊन जात नाही. चिंता कापडाची आहे, कारण लोहामुळे सुती धाग्याच्या ऑक्सिडीकरणाला चालना मिळून तो कालांतराने कमकुवत होतो. म्हणून हवी ती छटा येताच वस्तू काढाव्यात, कापड खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल निष्प्रभ करावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. हातमोजे अवश्य वापरावेत.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. एकाच कापडावर गंज आणि ठसे दोन्ही घ्यायचे असल्यास आधी काय करावे?

उत्तर २

आधी गंज. ठशाच्या रंगातील बंधक, म्हणजे रंग कापडाला चिकटवून ठेवणारा पदार्थ, धाग्यांवर पातळ थर धरतो आणि त्यावर गंजाचे पाणी नीट मुरत नाही. कापड धुऊन पूर्ण वाळल्यावर पारदर्शक रंगाने ठसे घ्यावेत, म्हणजे खालचा डाग झाकला जाणार नाही, आणि रंगाच्या डब्यावर सांगितलेल्या तापमानाला इस्त्रीने तो पक्का करावा.