अकरावीच्या सुट्टीतील अमेरिकन कादंबऱ्या: सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी?

प्रश्न:
आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझा मुलगा सप्टेंबरमध्ये अकरावीत जाईल. त्या वर्षी अमेरिकन साहित्य शिकवले जाणार असल्याने शाळेने हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’, मार्क ट्वेनची ‘ॲडव्हेंचर्स ऑफ हकलबरी फिन’ आणि फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही पुस्तके सुचवली असून त्यांपैकी दोन वाचून टिपणे काढायची आहेत. त्याने हॉथॉर्न उघडला, पण वीस पाने झाली तरी जकात कचेरीचे वर्णन संपेना, म्हणून पुस्तक मिटून ठेवले. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आणि यांपैकी एकही पुस्तक मी वाचलेले नाही. मात्र त्याच्याबरोबर वाचायची माझी तयारी आहे. ‘हकलबरी फिन’मध्ये कृष्णवर्णीयांसाठी वापरलेल्या अपशब्दाविषयी बरेच ऐकले आहे. ते पुस्तक त्याला एकट्याने वाचू द्यावे का?

प्रतिसाद १:
मी अमेरिकेत माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. जकात कचेरीचा तो भाग ही कादंबरीची प्रस्तावना आहे. ती शेवटी वाचली तरी चालते. कथा तुरुंगाच्या दारापाशी सुरू होते, तेथून वाचायला घ्यावे. तरीही 1850 मधील ती लांब पल्ल्याची वाक्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला जड जातात, म्हणून मी ‘गॅट्सबी’पासून सुरुवात करायला सांगेन. अवघी नऊ प्रकरणे आहेत, आणि 2021 पासून ती अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मुक्त झाल्याने इंटरनेटवर मोफत मिळते. मुले बहुधा मेजवान्यांच्या झगमगाटात रमतात. त्याला दुसऱ्या प्रकरणातील राखेच्या पट्ट्यापाशी थांबायला सांगा. लाँग आयलंडवरील बंगल्यांतून न्यूयॉर्कला जाताना हा राखाडी प्रदेश ओलांडावा लागतो आणि गॅरेज चालवणारा विल्सन तेथेच राहतो. त्या वैभवाची किंमत कोण मोजतो, हे तेथे दिसते.

प्रतिसाद २:
‘हकलबरी फिन’ त्याने जरूर वाचावी, परंतु एकट्याने नव्हे. तो अपशब्द पुस्तकात दोनशेहून अधिक वेळा येतो आणि तो वाचताना त्रास व्हायलाच हवा. मुलाशी आधी स्पष्ट बोलावे की हा शब्द त्या काळच्या गुलामगिरीच्या समाजाचा आहे आणि तो आपल्या तोंडी कधीही येता कामा नये. 1885 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कर्डच्या ग्रंथालयाने हे पुस्तक नाकारले, ते मात्र भाषा गावंढळ आहे म्हणून. आज आक्षेप वेगळा आहे, आणि माझ्या मते तो अधिक गंभीर आहे.

बोलीभाषेमुळे अडखळायला होते, म्हणून आम्ही मोठ्याने वाचत असू. अपशब्द आला की तो उच्चारायचा नाही, एवढे ठरले होते. पंधराव्या प्रकरणावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. हक हा कथा सांगणारा मुलगा, आणि जिम हा गुलामगिरीतून पळालेला, तराफ्यावर त्याच्या सोबतीने नदीतून जाणारा माणूस. धुक्यात त्या दोघांची ताटातूट होते. परतल्यावर हक त्याला ‘हे सारे तुझे स्वप्न होते’ असे भासवतो. मग तराफ्यावरचा पालापाचोळा आणि मोडलेले वल्हे दाखवून त्यांचा अर्थ विचारतो. मित्राच्या डोक्यावर घाण टाकून त्याला शरमिंदे करणारी माणसे म्हणजेच हा कचरा, असे जिम त्याला सुनावतो आणि आत निघून जातो. माफी मागण्यासाठी मनाची तयारी करायला हकला पंधरा मिनिटे लागतात. एकतिसाव्या प्रकरणात जिमचा ठावठिकाणा त्याच्या मालकिणीला कळवणारे पत्र हक फाडतो, त्याची पूर्वतयारी येथे आहे.

जिम आपल्याला हकच्या नजरेतूनच दिसतो, ही या पुस्तकाची मर्यादा आहे. म्हणून फ्रेडरिक डग्लस यांचे 1845 मधील छोटे आत्मकथन सोबत वाचावे. गुलामगिरीतून स्वतः निसटलेल्या माणसाचा आवाज त्यात ऐकू येतो. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले होते. हा धागा आपल्या घरातील मुलांना आपणच दाखवायला हवा, शाळेत तो दाखवला जाण्याची शक्यता कमी आहे.

प्रतिसाद ३:
आपल्यासाठीही एक सुचवतो. हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चा पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ हा अनुवाद केला आहे. मुलाने मूळ आणि आपण अनुवाद वाचावा. संध्याकाळी पाने ताडून पाहता येतील.

मूळ प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. ‘हकलबरी फिन’ आणि ‘गॅट्सबी’ ही दोन पुस्तके नक्की केली आहेत. धुक्याचे प्रकरण काल रात्री आम्ही मुद्दाम आधीच वाचून पाहिले. जिम आत निघून गेल्यावर मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले की चूक कळली होती, तर हक पंधरा मिनिटे का थांबला? मी उत्तर दिले नाही. तोच प्रश्न त्याला टिपणवहीच्या पहिल्या पानावर लिहायला सांगितला आहे.