केनियाला लेकीकडे जायचंय, पीतज्वराच्या (यलो फीवर, डासांमुळं होणारा ताप) लसीबद्दल माहिती हवी

नमस्कार मंडळी, आम्ही मिरजेचे. लेक आणि जावई मिशनच्या कामासाठी केनियात असतात. ती दवाखान्यात नर्स, जावई चर्च आणि शाळा बघतात. (१८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी परदेशातून येऊन मिरजेत दवाखाना काढला, आता आमचीच पोरं तिकडं!) तिकडची वेळ अडीच तास मागे, त्यामुळं आमची जेवणं उरकली की तिचा फोन येतो. नातू उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आवडीनं खातो, पण भाकरी बघून तोंड वाकडं करतो. आजीला हे कसं चालायचं?

यंदा नाताळला जायचं ठरतंय. परतताना पीतज्वराच्या लसीचा दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात, आणि लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, एवढं समजलंय. सांगली-कोल्हापूरकडं ही लस कुठं मिळते, की पुणे-मुंबईच गाठावी लागेल? यांचं वय सत्तरच्या पुढं, शुगरही आहे. साठीनंतर ही लस डॉक्टरांना विचारूनच घ्यावी म्हणतात. तुमच्या घरच्या ज्येष्ठांनी घेतली असेल तर त्रास झाला का? आणि करंज्या चेक-इन बॅगेत न मोडता कशा न्यायच्या, तेही सांगा.