स्टाईनचा मेळावा भरवायचाय: टेबलं कशी मांडावीत, मोडतोड कुठे होते?

नवा_मग
क्लबचा पहिलाच मेळावा आहे. वीसेक जण येतील, प्रत्येकी दोन-तीन नग धरले तर पन्नासेक स्टाईन, म्हणजे झाकण असलेले जर्मन बीअर मग, होतील. मेट्लाख (व्हिलेरॉय आणि बॉखच्या कारखान्याचे), वेस्टरवाल्ड (त्या भागातले दगडी मातीचे), चार-पाच रेजिमेंटल (सैनिकांच्या पलटणीच्या आठवणीचे), असा मिश्र माल. नग काचेआड ठेवायचे नाहीत, सगळ्यांना हातात घेऊन बघता आले पाहिजेत. शेवटी तासभर चिठ्ठ्यांवर लिलाव, म्हणजे बोली चिठ्ठीवर लिहायची. मांडणी कशी करावी? आणि नग ओळखायच्या, तपासायच्या टेबलावर काय साहित्य लागेल?

बूड_आधी
हातात घेऊ देताय हे उत्तम. स्टाईन फोटोत कळत नाही, बूड आणि बिजागरी बघितल्यावर कळतो.

टेबलावर जाड फेल्ट किंवा घोंगडी अंथरा आणि कडा खालून चिकटपट्टीने पक्क्या करा. लोंबतं कापड कुणाच्या तरी गुडघ्यात अडकतं आणि अख्खी रांग सरकते. नग एकाच रांगेत, टेबलाच्या काठापासून किमान १५ सेंमी आत. मागे दुसरी रांग नको. मागचा मग घ्यायला हात वरून जातो आणि पुढच्याच्या झाकणावरच्या मूर्तीला बाही अडकते. मगांचे सगळे कान, म्हणजे धरायच्या मुठी, एकाच दिशेला ठेवा.

पण खरा नियम एकच: नग हातातून हातात द्यायचा नाही. बघून झालं की टेबलावर ठेवायचा, पुढच्याने तिथून उचलायचा. देणाऱ्याला वाटतं समोरच्याने धरला, घेणाऱ्याला वाटतं याने अजून सोडलेला नाही, आणि तेवढ्यात मग खाली. उचलताना एक हात अंगाला, दुसरा बुडाखाली. नुसत्या कानाला धरून नाही, झाकणाला तर कधीच नाही. अंगठ्या आणि धातूचे घड्याळपट्टे आधीच काढून ठेवायला सांगा, झिलईवर ओरखडा पडतो.

झाकण उघडताना दुसरं बोट खाली आधाराला ठेवावं. मोकळं सोडलं तर ते मागे पडून कानावर आदळतं. तो धक्का बिजागरीच्या पट्टीला बसतो आणि कानाला वळसा घातलेली पट्टी जिथे वाकते तिथेच प्यूटर (झाकणाचा कथिलाचा मिश्रधातू) फाटतं. ही चीर केसाएवढी असते, उजेड तिरका पाडल्याशिवाय दिसत नाही.

खणखण
तपासणीच्या टेबलासाठी: १० पटीचं भिंग, छोटा टॉर्च, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च, मोजपट्टी, मऊ ब्रश. अतिनील टॉर्च ३९५ चा घेऊ नका, त्याच्या जांभळ्या उजेडात बाकीचं काही दिसत नाही. ३६५ खाली नव्या रंगाचे, लाखेचे आणि गोंदाचे ठिगळ सहसा मूळ झिलईपेक्षा वेगळे चमकतात. काठ आणि कानाचा जोड आधी बघा, टवके तिथेच भरलेले असतात.

पोर्सेलिनच्या रेजिमेंटलमध्ये टॉर्च बाहेरून बुडाखाली धरा आणि आत डोकावा, लिथोफेनचं (बुडाच्या पातळ-जाड पोर्सेलिनमध्ये घडवलेलं, उजेडातच दिसणारं) चित्र उमटतं. निरोप घेणारा सैनिक किंवा जोडपं अशी चित्रं मूळ नगांत दिसतात. नग्न स्त्री दिसली तर नग बहुधा नंतरची नक्कल. मूळ रेजिमेंटल पहिल्या महायुद्धाच्या आधीचे. झाकण उघडायला अंगठ्याने दाबायच्या खटक्यावरचं प्राणीचिन्हही पलटणीशी जुळवा: बव्हेरियन पलटणीचं नाव आणि खटक्यावर प्रशियाचा गरुड असेल, तर काहीतरी गडबड आहे.

बोटाच्या गाठीने टिचकी मारून आवाज ऐकायची सगळ्यांनाच हौस असते. खणखणीत वाजला तर चांगलंच, पण भद्द वाजला म्हणून लगेच तडा ठरवू नका. झाकण आणि पट्टीमुळेही आवाज मरतो. नखाने काठ चाचपणं जास्त भरवशाचं.

नवा_मग
मेट्लाखचा आकडा आणि साल कुठे शोधायचं? आणि झाकण मूळचंच आहे हे कसं कळतं?

बूड_आधी
मेट्लाखच्या बुडावर व्हिलेरॉय आणि बॉखचा शिक्का, मातीत दाबलेला फॉर्म क्रमांक आणि बऱ्याच नगांवर सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. कोरीव कामाच्या नगावर नख फिरवलं की रंगांमधल्या काळ्या रेघा खोलगट लागतात. झिलईखाली छापलेल्या चित्राच्या नगावर नख सरळ सरकतं, आणि त्याला फॉर्म क्रमांकाबरोबर सजावटीचा वेगळा क्रमांकही असतो. चिठ्ठीवर दोन्ही लिहा. एकच लिहिला तर घेणाऱ्याची फसगत होते.

काठाखाली मापाची रेघ आणि लिटरचा आकडा बघा. जर्मनीत १८८४ पासून गुत्त्यातल्या भांड्यांना ती सक्तीची झाली. त्याआधीच्या वेस्टरवाल्डवर ती नसेल तर त्यात दोष काहीच नाही.

झाकण बदललेलं असेल तर काठावर नीट बसत नाही, एका बाजूला फट राहते. कानावर जुन्या पट्टीचा फिका वळ नव्या पट्टीच्या शेजारी दिसतो. जोडावर ताजं, जास्त चकचकीत सोल्डर दिसलं तर तसं लिहून टाका. दुरुस्ती लपवणं क्लबला परवडत नाही.

पट्टी_वाला
एक भर. कुणी "लगेच जोडून देतो" म्हणत सोल्डरिंग आयर्न घेऊन आला तर थांबवा. प्यूटर बहुतांश कथील असतं, मिश्रणानुसार साधारण १७० ते २३० अंश सेल्सिअसला वितळतं. नेहमीचं कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास. म्हणजे जोड लागायच्या आत पट्टीलाच भोक पडतं, शिवाय उष्णतेने कानाला तडा जातो.

आणि प्यूटरला पॉलिश नको, करडी झाक तशीच राहू द्या. डिशवॉशर तर नाहीच. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि सुकताना झाकण उघडं. जुन्या प्यूटरमध्ये शिसं असू शकतं, म्हणून जुन्या मगांत बीअर ओतून फोटो काढायचा बेतही नको.

खणखण
लिलावाच्या चिठ्ठ्या मगांसमोर ठेवू नका, वेगळ्या टेबलावर ठेवा. शेवटच्या पाच मिनिटांत आकडा लिहायला गर्दी होते आणि सगळ्यांची कोपरं मगांवर येतात. एकदम सगळा लिलाव बंद करण्याऐवजी दर दहा मिनिटांनी आठ-दहा नग बंद करत जा. चिठ्ठीवर उंची, माप, क्रमांक, झाकण मूळचं की बदललेलं, टवके, तडे, दुरुस्ती, सुरुवातीची किंमत आणि किमान वाढ हवी.

पट्टी_वाला
परत नेताना घाई होते, तेव्हा पॅकिंगची जागा आधीच ठरवा. झाकण आणि काठ यांच्यात टिश्यूची घडी घाला, पण झाकण दोरीने आवळू नका, सगळा ताण बिजागरीवर येतो. छापील वर्तमानपत्र थेट मगाला नको, शाई लागते. आधी अंग गुंडाळा, मग झाकणाभोवती सैल भरणी. झाकणावर मूर्ती असेल तर तिच्यापेक्षा दोन बोटं उंच पुठ्ठ्याची नळी भोवती उभी करा, वरचा भार नळीने घेतला पाहिजे. खोक्यात खोकं, मध्ये सगळीकडून ५ सेंमी भरणी, आणि नग उभाच.