पळस : हातपरागणानंतर कोवळ्या शेंगा गळतात, मदत हवी आहे

पळसावर परपरागण (एका झाडाच्या फुलाला दुसऱ्या झाडाचे पराग लावणं) करतेय. कळी पूर्ण रंगली पण उमलली नाही अशा वेळी नावेसारखी पाकळी चिरून पुंकेसर (पराग तयार करणारे तंतू) ओढून काढते, उमलल्यावर शेजारच्या झाडाचे पराग ब्रशने लावते, प्लास्टिकची पिशवी बांधते. बरीच फुलं तशीच गळतात. थोड्या शेंगा बोटाच्या पेराएवढ्या होऊन गळतात. त्याच झाडावर उघड्या फुलांना शेंगा आहेत. चुकतंय कुठे?

प्रतिसाद १

आधी ते ओढणं थांबवा. पळसाच्या 10 पुंकेसरांपैकी 9 खाली जुळून अंडाशयाभोवती (ज्याची पुढे शेंग होते) नळी करतात, एक सुटा असतो. ओढताना नळीसोबत अंडाशयालाच इजा होते. बारीक कात्रीने फक्त परागकोश (पुंकेसराच्या टोकावरची परागाची पिशवी) तोडा, तेही भिंगातून पाहून. कोश फुटून पिवळी भुकटी सांडली असेल तर ती कळी सोडून द्या. कात्री स्पिरिटने पुसली की पूर्ण वाळू द्या, ओल्या स्पिरिटने पराग मरतात.

दुसरं, शेजारचं झाड खरंच दुसरं आहे का? पळसाला मुळांवरून धुमारे फुटतात. जवळजवळची चार खोडं मुळात एकच झाड असू शकतात. मग ते स्वपरागणच झालं, आणि त्याने पळसाला शेंगा फार कमी धरतात. पराग लांबच्या, वेगळ्या घोळक्यातल्या झाडाचे आणा.

प्रतिसाद २

ब्रशही नको. शेंगवर्गातल्या बऱ्याच फुलांत कुक्षीवर (स्त्रीकेसराच्या टोकावर, जिथे पराग लागतात) पातळ पापुद्रा असतो, तो घासला जाईपर्यंत पराग नीट रुजत नाहीत. शिंजीर पक्षी मध प्यायला आला की हे घासणं आपसूक होतं. तुम्ही नुकताच फुटलेला परागकोश चिमट्यात धरून कुक्षीवर दोन-तीनदा हलकेच फिरवा.

प्लास्टिकच्या आत उन्हाने फूल शिजतं. मलमलची सैल पिशवी घ्या.

मूळ प्रश्नकर्ती

धुमाऱ्यांचा विचारच केला नव्हता, धन्यवाद! पिशवी कधी सोडू? आणि एका तुऱ्यावर किती फुलं ठेवू?

प्रतिसाद १

कुक्षी वाळली की पिशवी काढा. पोपट किंवा खारी येत असतील तर तिच्या जागी सैल जाळी बांधा. तुऱ्यावर फुलं तीन-तीनच्या झुबक्यात असतात. झुबक्यात एकच ठेवा, बाकीच्या कळ्या आधीच खुडा, नाहीतर अन्नासाठी ओढाताण होऊन तुमचीच शेंग गळेल. त्याच झाडावर काही कळ्या हात न लावता नुसत्या झाकून ठेवा आणि काहींना स्वतःचेच पराग लावा. रंगीत दोऱ्याने प्रत्येक प्रकार वेगळा ओळखू येऊ दे, म्हणजे गळ कुणामुळे ते कळेल.

मोजणी मात्र घाईने करू नका. पळसाची शेंग चपटी, बी एकच, तेही टोकाशी. शेंग उजेडासमोर धरा. टोकाशी गडद, भरीव ठिपका दिसला तरच ती धरलेली समजा.