‘आधी वॉर्निंग बंद करा, मग काम करा’ या सल्ल्याला माझा विरोध आहे

परभणीकर (धागालेखक)

एका अनुभवी सदस्याने काल नव्याने कामाला लागलेल्या मुलांना सल्ला दिला आहे. कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत नेणारे साधन) आणि एडिटर (प्रोग्राम लिहिण्याचे साधन) दाखवतात त्यांतले बहुतेक इशारे निरर्थक असतात, त्यांनी मुले घाबरतात, म्हणून पहिल्याच दिवशी सगळे वॉर्निंग बंद करावेत आणि प्रोग्राम चालतो की नाही एवढेच पाहावे, असा त्याचा आशय. तो वाचून मला रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी अडत दुकानांसाठी हिशेबाचा प्रोग्राम लिहितो, सी प्लस प्लसमध्ये. शेतकऱ्याने घेतलेली उचल पट्टीतून वळती होते. उचलीची बाकी ऋण होऊ शकते, पण मर्यादा कधी ऋण नसते, म्हणून मी मर्यादेला अनसाइन्ड प्रकार (ज्यात ऋण संख्या बसत नाही) दिला होता. दोन्हींची तुलना करणाऱ्या ओळीवर कंपायलर पहिल्या दिवसापासून सांगत होता की साइन्ड (ऋणही असू शकणारी) आणि अनसाइन्ड यांची तुलना होत आहे. ती ओळ तीनशे चाळीस इशाऱ्यांत दडली होती आणि मी ते सगळेच लपवून ठेवले होते. चाचणीत घेतलेल्या प्रत्येक शेतकऱ्याकडे उचल बाकी होती, त्यामुळे काही बिघडले नाही. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सोयाबीनची आवक वाढली आणि ज्यांचे दुकानाकडेच पाचशे रुपये निघत होते, त्यांची उणे पाचशेची बाकी तुलनेच्या वेळी अनसाइन्ड धरली जाऊन ४,२९,४९,६६,७९६ झाली. पडद्यावर ‘उचलीची मर्यादा ओलांडली’ असे येई आणि पट्टी निघत नसे. ज्यांनी कर्ज वेळेवर फेडले होते, नेमके तेच लोक रिकामा ट्रॅक्टर घेऊन संध्याकाळपर्यंत उभे राहिले. मुनिमांनी हाताने पट्ट्या लिहिल्या. ते शेतकरी माझ्याकडे कसे पाहत होते, हे मी विसरलेलो नाही.

हे मोठ्या ठिकाणीही घडते. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीत ओपनएसएसएल या माहिती सांकेतिक करणाऱ्या संचाच्या एका भागाविषयी व्हॅलग्राइंड हे साधन तक्रार करत होते की प्रारंभिक मूल्य न दिलेली मेमरी वापरली जात आहे. तक्रार थांबावी म्हणून ओळी काढून टाकल्या गेल्या. त्यांतली एक ओळ किल्ली (सांकेतिक करण्यासाठी लागणारी गुप्त संख्या) तयार करताना यादृच्छिकता (अंदाज न येणारी भर) मिसळणारी होती. मे २००८ मध्ये दोष उघड झाला तेव्हा कळले की यादृच्छिकतेसाठी केवळ प्रोसेस क्रमांक (चालू प्रोग्रामला यंत्र देते तो क्रमांक) उरला होता, म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर एका आकाराच्या जेमतेम ३२,७६८ किल्ल्या शक्य होत्या. जवळजवळ दोन वर्षे जगभरचे सर्व्हर अशा ओळखता येणाऱ्या किल्ल्या वापरत होते. तक्रार समजून न घेता ती गप्प केली, एवढेच कारण.

लातूरकर

आपल्या दुकानात घडले त्याचे वाईट वाटते, परंतु मूळ सल्ला मला योग्य वाटतो. आपण उदाहरण दिले ते एका ओळीचे. बाकीच्या तीनशे एकोणचाळीस ओळींचे काय, ते आपण लिहिलेच नाही. त्या गोंगाटानेच ती एक ओळ गिळली. रोज मरे त्याला कोण रडे, ही म्हण आपल्याकडे उगाच आलेली नाही.

मी जावास्क्रिप्टमध्ये काम करतो. रिकामा प्रकल्प सुरू करून चार पॅकेजे (दुसऱ्यांनी लिहिलेले तयार भाग) आणली तरी पडद्यावर पिवळ्या ओळींची रांग लागते. अमुक पॅकेज कालबाह्य आहे, तमुक वापरू नका, इतके धोके सापडले. ती पॅकेजे मी मागवलेली नसतात, मी मागवलेल्याने मागवलेल्याने ती मागवलेली असतात. त्यांतली कित्येक केवळ बांधणीच्या वेळी (लिहिलेल्या मजकुरापासून चालणारा प्रोग्राम तयार करताना) लागतात, ग्राहकापर्यंत पोहोचतही नाहीत. गेल्या उन्हाळ्यात औसा तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे शिकायला येत होता. लाल अक्षरातले धोके पाहून तो घाबरला आणि पडद्यावर सुचवलेली सक्तीची दुरुस्ती त्याने चालवली. सक्तीच्या दुरुस्तीत पॅकेजांच्या मुख्य आवृत्त्याच बदलतात, प्रकल्प उघडेनासा झाला आणि हे आपले क्षेत्र नाही असे ठरवून तो मुलगा गेला. त्याचे नुकसान कोणत्या हिशेबात धरायचे?

नांदेडचा शिक्षक

दोघांचेही म्हणणे वाचले, पण मूळ रोग महाविद्यालयातला आहे आणि तो कोणी बोलत नाही. आपल्याकडच्या कितीतरी प्रयोगशाळांत आजही डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्राम चालवणारे साधन) टर्बो सी हा जुना कंपायलर उघडून मुलांना ‘व्हॉइड मेन’, ‘क्लिअरस्क्रीन’ आणि ‘गेट्स’ शिकवतात. हीच मुले पुढे जीसीसी हा आजचा कंपायलर वापरतात तेव्हा पहिल्याच प्रोग्रामवर ‘गेट्स धोकादायक आहे, वापरू नये’ असे वाचतात आणि यंत्र बिघडले असे समजतात. ‘गेट्स’ हे टंकलेली ओळ वाचून घेणारे फंक्शन किती अक्षरे येतील याला मर्यादा घालत नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी पसरलेला मॉरिस वर्म हा इंटरनेटवर आपोआप पसरणारा प्रोग्राम याच फटीतून फिंगर या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेत शिरला होता. २०११ च्या सी प्रमाणकातून हे फंक्शन काढून टाकले, तरी आमच्या प्रात्यक्षिक वह्यांत ते आहे.

२०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ ने जाहीर न केलेले फंक्शन वापरणे ही सरळ चूक ठरवली. वर्षानुवर्षे तो केवळ इशारा होता. इशारे न वाचणाऱ्यांचे जुने प्रोग्राम त्या दिवशी बांधलेच गेले नाहीत. लातूरच्या मुलाला धोक्याच्या ओळींनी घालवले नाही. त्या कशा वाचाव्यात हे त्याला कोणी शिकवले नाही, म्हणून तो गेला.

लातूरकर

सर, तो मुलगा माझ्या समोर बसला होता, आपल्या नव्हे. मी त्याला शिकवले नाही, असे आपण नांदेडमध्ये बसून कसे ठरवता? आपल्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. मला ग्राहकाला शुक्रवारी काम द्यायचे असते, तेव्हा मी पाचशे ओळी वाचत बसू शकत नाही.

हिंगोलीकर

मला वेगळेच म्हणायचे आहे. इशाऱ्यांच्या या सगळ्या व्यवहारात आपली भाषा संशयित ठरते, याचा कोणाला राग येत नाही का? मी पतसंस्थेसाठी प्रोग्राम लिहितो. ‘खातेदार’, ‘हप्ता’, ‘जामीनदार’ हे शब्द रोमन लिपीत चलांची (प्रोग्राममध्ये माहिती ठेवणाऱ्या जागांची) नावे म्हणून वापरले की शुद्धलेखन तपासणारे साधन प्रत्येकाखाली नागमोडी रेघ ओढते. पूर्ण फाइल चुकांनी भरल्यासारखी दिसते. मराठी मजकूर देवनागरीत लिहिला तर त्यातल्या काही अक्षरांभोवती एडिटर पिवळी चौकट काढतो आणि येथे अदृश्य अक्षर आहे असे बजावतो. मी माझ्या आईची भाषा लिहितो आहे, चोरटा मजकूर नव्हे. हे सगळे मी बंद केले आहे आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही.

जालनेकर

हिंगोलीकर, नागमोडी रेघांबद्दल पूर्ण सहमत. ते शब्द शब्दकोशात घालून प्रकल्पासोबत ठेवता येतात, पण ही उठाठेव आपल्याच माथी येते, हे खरे आहे.

पिवळ्या चौकटीचे मात्र तसे नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की मजकुराची दिशा बदलणारी अदृश्य चिन्हे वापरून माणसाला एक आणि कंपायलरला दुसरेच दिसेल असा प्रोग्राम लिहिता येतो. तेव्हापासून एडिटर अशा चिन्हांवर बोट ठेवू लागले. आपल्या मजकुरातले चिन्ह बहुधा शून्य रुंदीचा जोडक (अक्षरे जोडणारे, स्वतः न दिसणारे चिन्ह) आहे. ‘कर्‍हाळे’ आणि ‘कऱ्हाळे’ ही दोन नावे वाचून पाहा. डोळ्यांना एकच दिसतात. पहिल्यात साधा र, हलन्त आणि जोडक आहे, दुसऱ्यात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. संगणकाच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द आहेत आणि युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणे) केले तरी ते एक होत नाहीत. आपल्या खातेदारांच्या यादीत अशी दोन रूपे नाहीत ना, एवढे कृपया तपासावे.

हिंगोलीकर

आमच्या यादीची काळजी आपण करू नये. सात वर्षे ती व्यवस्थित चालली आहे.

छत्रपती संभाजीनगरहून

परभणीकरांच्या बाजूने बोलणारे बहुतेक जण पुढे ‘प्रत्येक इशारा चूक समजा’ असे सांगतात, म्हणून माझा अनुभव लिहितो. आम्ही ‘डब्ल्यू-एरर’ (प्रत्येक इशारा चूक ठरवणारा पर्याय) लावूनच ग्राहकाला मूळ प्रोग्राम दिला होता. त्याने सर्व्हर बदलला, कंपायलरची नवी आवृत्ती आली, तिने पूर्वी नसलेला एक इशारा दिला आणि रात्री अकरा वाजता काहीही न बिघडलेला प्रोग्राम बांधला जाईना. कंपायलर दर आवृत्तीत नवे काही पाहायला शिकतो. पायथनमध्ये साध्या स्ट्रिंगमधल्या (मजकुरातल्या) चुकीच्या बॅकस्लॅशचा इशारा पूर्वी सहसा दिसत नसे, ३.१२ पासून तो सर्वांना उघड दिसतो. म्हणून ही सक्ती आपल्या यंत्रावर ठेवावी, दुसऱ्याच्या यंत्रावर लादू नये. गो भाषेने हा प्रश्नच ठेवला नाही, तिचा कंपायलर इशारा देतच नाही. न वापरलेले इम्पोर्ट (बाहेरून आणलेला भाग) ही तिथे चूकच. मला ती शिस्त आवडते, पण सी प्लस प्लसच्या जुन्या प्रकल्पाला ती लावता येत नाही.

परभणीकर (धागालेखक)

संभाजीनगरचे म्हणणे मान्य आहे. आता लातूरकरांना उत्तर देतो, कारण तीनशे एकोणचाळीस ओळींचा प्रश्न त्यांनी रास्त विचारला होता आणि मी तो टाळला होता. मी त्या सगळ्या वाचल्या, अकरा दिवस लागले. निम्म्याहून अधिक एकाच हेडर फाइलमुळे (अनेक फाइलींत ओढली जाणारी सामायिक फाइल) पुन्हा पुन्हा येत होत्या, ती एक जागा दुरुस्त केल्यावर त्या गेल्या. बऱ्याचशा न वापरलेल्या चलांच्या होत्या. सहा ठिकाणी इशारा खरोखर गैरलागू होता, तिथे तेवढ्याच ओळीपुरता तो बंद केला आणि का बंद केला ते शेजारी लिहिले. तुलनेच्या त्या प्रकारच्या चुका एकूण तीन निघाल्या, त्यांतली एक हमालीच्या हिशेबात होती आणि अजून कोणाच्या लक्षात आली नव्हती. गोंगाट असतो, हे मला मान्य आहे. सगळे बंद करा, हे मान्य नाही.

हिंगोलीकर

जालनेकरांनी म्हटल्याप्रमाणे तपासले. एकाच खातेदाराची दोन खाती नऊ ठिकाणी निघाली. जुनी नोंद कार्यालयातल्या जुन्या टंकनपद्धतीची आणि नवी मोबाइलच्या कळफलकावरची आहे. एका बाईंचे तीन हप्ते दुसऱ्या खात्यावर जमा होत होते आणि त्यांना थकबाकीची नोटीस गेली होती. त्यांच्या घरी मी उद्या स्वतः जाणार आहे. पिवळी चौकट मी पुन्हा सुरू केली आहे. नागमोडी रेघांबद्दल मात्र माझे म्हणणे अजूनही तेच आहे, ‘हप्ता’ हा शब्द चुकीचा नाही.

लातूरकर

नवख्या मुलांना पहिल्या दिवशी पाचशे पिवळ्या ओळी दाखवू नयेत, हे माझे मत बदललेले नाही आणि बदलणारही नाही. शिक्षकांनी माझ्यावर जे आरोपवजा लिहिले तेही मला मान्य नाही. मात्र आज दुपारी माझ्या मुख्य प्रकल्पातले लपवलेले इशारे मोजले, ते दोनशे बारा आहेत. अठ्ठेचाळीस वाचून झाले. त्यांत उत्तराची वाट न पाहताच पुढे जाणारी पैसे परत करण्याची एक ओळ सापडली, ती दुरुस्त केली. उरलेले सोमवारपासून वाचेन.